ओव्हन चालू असताना

चेन्नईत पाऊस दिवाळीच्या सुमाराला जोर धरतो, आणि जोर धरला की शाळांना सुट्टी जाहीर होते. त्या आठवड्यात सलग चौथी सुट्टी होती. मुलगी सव्वापाच वर्षांची, मुलगा नुकताच तीन पूर्ण केलेला. नवरा सिरुसेरीला एका सॉफ्टवेअर कंपनीत. त्याला सुट्टी नव्हती. रस्त्यावर घोट्याच्या वर पाणी असलं तरी कंपनीची बस यायची. तो पँट दुमडून, बूट पिशवीत घालून निघायचा. मी आठव्या मजल्यावरून त्याला बसमध्ये चढताना बघायचे आणि मला त्याचा हेवा वाटायचा. त्या चिखलातून चालण्याचासुद्धा.

मी मूळची साताऱ्याची. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तपासणी विभागात होते. दिवसभर हातात मायक्रोमीटर. एखादा भाग केसाच्या जाडीएवढा जरी कमीजास्त भरला तरी मी तो बाजूला काढायचे आणि मग कुणाचं काही चालायचं नाही. नवऱ्याची बदली झाली तेव्हा तो म्हणाला होता, "तिकडे तर गाड्यांचे कारखानेच कारखाने आहेत. सहा महिन्यांत लागशील कुठंतरी." तेव्हा मुलगी सव्वा वर्षाची होती. सहा महिन्यांत दुसऱ्याची चाहूल लागली. मग तो झाला, मग त्याचं दूध, मग त्याची आजारपणं. चार वर्षं कशी गेली ते सांगता येत नाही, कारण त्यांतला एक दिवस दुसऱ्यापेक्षा वेगळा काढून दाखवता येत नाही. तमिळ मला भाजी घेण्यापुरतं आलं. मुलीला मात्र शाळेत घातल्यापासून ते भराभर येऊ लागलं, आणि लिफ्टमध्ये कुणी काही विचारलं तर तीच माझ्या वतीनं उत्तर द्यायची.

बिस्किटांचा नाद अशाच एका सुट्टीत लागला. मोबाईलवर कुणीतरी मुलांना घेऊन बिस्किटं करताना दिसलं. पांढरंशुभ्र स्वयंपाकघर, मुलांच्या अंगात स्वच्छ एप्रन. आमच्याकडे छोटा ओव्हन होता, म्हणून मीही करून बघितली. मुलांना त्यातलं फक्त रंगवणं आवडतं. बाकी सगळं आईचं. चेन्नईच्या हवेत लोणी फ्रीजमधून काढल्यावर फेटायच्या आत वितळतं. पीठ पाटाला चिकटतं. बदकाच्या साच्यानं कापलेलं बदक उचलताना त्याची मान लांबते आणि मुलगी रडते. मग पुन्हा गोळा, पुन्हा फ्रीज, पुन्हा अर्धा तास "झालं का? झालं का?" वरचं साखरेचं आयसिंग या दमट हवेत वाळतच नाही. बिस्किटं दोन दिवस बोटांना चिकटत राहतात आणि तिसऱ्या दिवशी मुंग्या लागतात.

पण फोटो छान यायचे. मी ते सासरच्या ग्रुपवर टाकायचे. सासूबाई लिहायच्या, "किती गं हौस तुला! मुलं नशीबवान." एकदा असं लिहिल्यावर पुढच्या सुट्टीला बिस्किटं न करणं मला जमेना. मुलंही सुट्टी म्हटलं की ओव्हनपुढे जाऊन उभी राहायची.

तर चौथी सुट्टी. दुपारचे तीन वाजले असतील. बाहेर इतकं अंधारलेलं की दिवे लावलेले. पहिला ट्रे भाजून झाला होता. मी स्वयंपाकघरात जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरली, दुधाच्या रिकाम्या पिशव्यांचे कोन करून त्यांत लाल, पिवळं, निळं आयसिंग भरलं आणि दोघांना बसवलं. दुसरा ट्रे ओव्हनमध्ये सरकवला. त्या ओव्हनला वेळ लावायचं बटण आहे, वेळ संपली की घंटा वाजते आणि तो आपोआप बंद होतो. पण घंटा वाजली की धाकटा दचकून ओव्हनकडे धावायचा, म्हणून त्या दिवशी मी बटण 'सतत चालू'वर फिरवून ठेवलं. म्हटलं, मी इथंच आहे, बघेन आणि काढेन.

मोबाईल बेडरूममध्ये कपाटावर ठेवलेला. दिसला की मागतात.

आमच्या स्वयंपाकघराला लागून कपडे धुण्याची छोटी बाल्कनी आहे. इथं सगळे तिला युटिलिटी म्हणतात. वॉशिंग मशीन तिथंच. मी कपडे काढायला दोन मिनिटांसाठी बाहेर गेले. मागं दार लागल्याचा आवाज आला, आणि मग खट्. दाराच्या खालच्या बाजूची कडी जमिनीतल्या भोकात पडली होती.

"आई आऊट!" आतून धाकटा ओरडला आणि खदाखदा हसला.

ती कडी खाली पडायला काहीच लागत नाही, पण वर ओढायची तर पावसानं फुगलेलं दार अंगानं दाबून धरावं लागतं. मला ते ठाऊक होतं. मी ओट्यावरच्या खिडकीशी गेले. गज, आत डासांची जाळी, त्यापलीकडे मुलं. मुलीला म्हटलं, "बाळा, ती खालची कडी वर ओढ बघू."

तिनं ओढली. दोन्ही हातांनी ओढली. मी बाहेरून दार खेचून धरलं. धाकटाही मदतीला लागला, म्हणजे तिच्या हातावर बसला. कडी हलली नाही. मुलगी बोट चोखत म्हणाली, "नाही होत."

"बरं, राहू दे. थोड्या वेळानं बघू," मी म्हटलं.

आता जे सांगणार आहे ते मी बरेच दिवस कुणाला सांगितलं नव्हतं. मी एक बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसले. पावसाचे तुषार पायांवर येत होते. आतून धाकट्याची हाक आली, "आई, शू." मग मुलगी म्हणाली, "मी नेते त्याला." ती दोघं गेली, परत आली. मग कोनावरून भांडण झालं, ते मिटलंही. मला कुणी ओढत नव्हतं, कारण कुणाला ओढता येत नव्हतं. तीन वर्षांत अंघोळीलासुद्धा मी दाराची कडी लावली नव्हती. मला वाटलं, असंच राहावं. नवरा सातला येईल, तोपर्यंत असंच. ओव्हन डोक्यातून पार गेला होता. मुलीनं "आई" अशी हाक मारली आणि मी ओ दिली नाही. ऐकू आलं होतं, तरी दिली नाही. तिनं दुसऱ्यांदाही मारली.

तिसऱ्यांदा ती म्हणाली, "आई, वास येतोय."

मी खिडकीकडे झेप घेतली. ओव्हनच्या काचेआडून धूर येत होता. ट्रेवरच्या बदकांच्या कडा काळ्या झाल्या होत्या आणि खालचा बटरपेपर तपकिरी पडून वर वळत होता. बटण सतत चालूवर. भिंतीवरचा स्विच ओव्हनच्या मागे. तिथं पोचायचं तर मुलीला स्टुलावर चढून तापलेल्या ओव्हनवरून हात न्यावा लागला असता.

"मी बंद करू?" मुलीनं विचारलं. ती स्टूल ओढायलाही लागली होती.

"नाही! हात लावायचा नाही! मागं हो!"

मी इतक्या जोरात ओरडले की धाकटा रडायला लागला. तो घाबरला की मला चिकटायला येतो. मी खिडकीत होते, म्हणून तो ओट्याकडे, म्हणजे ओव्हनकडेच, यायला लागला.

मला एकच सुचलं, आणि ते करणं सगळ्यांत अवघड होतं. दोघांना तिथून घालवायचं, म्हणजे माझ्या नजरेआड करायचं. मी आवाज खाली आणला. "ताई, त्याचा हात धर. हॉलमध्ये जा. स्वयंपाकघराचं दार ओढून घे. सोफ्यावर बसायचं. मी हाक मारेपर्यंत उतरायचं नाही."

"तू एकटी राहशील," ती म्हणाली.

"मी इथंच आहे. जा."

ती गेली. दार लागलं. त्यानंतर मला फक्त धूर दिसत होता.

मी कठड्याशी जाऊन ओरडायला लागले. आधी हिंदीत, मग इंग्रजीत, मग मला येत असलेल्या चार तमिळ शब्दांत. खाली गाड्या उभ्या करायच्या जागेत पाणी साचलं होतं, माणूस दिसत नव्हता. बाजूच्या घरातले नवराबायको नोकरीवर. मुलीला सांगून खाली कळवावं, तर घरातला इंटरकॉम पावसात बंद पडलेला. पावसाच्या आवाजात माझा आवाज मलाच नीट ऐकू येत नव्हता. मी दाराला लाथा घातल्या. मग स्वयंपाकघराच्या बंद दारापलीकडून धाकट्याचा हुंदका ऐकू आल्यासारखा वाटला आणि मी कुणालाच उद्देशून नव्हे, नुसतीच ओरडले, "अरे कुणीतरी या रे! माझी लेकरं आत आहेत!"

खालून आवाज आला. "कोण रडतें तें वरती?"

मला आधी भास वाटला. मराठी होतं, पण मी कधी न ऐकलेलं. शब्द आपले आणि हेल तमिळ.

मी कठड्यावरून वाकले. सातव्या मजल्याच्या बाल्कनीतून पांढऱ्या केसांचं डोकं बाहेर आलं होतं आणि वर बघत होतं. त्या आजींना मी लिफ्टमध्ये कितीदा पाहिलं होतं. नाकात दोन्ही बाजूंना चमक्या, नऊवारी नाही, साधी सुती साडी. मी त्यांना तमिळ समजत होते, आणि मला काही बोलता येत नाही म्हणून खाली बघायचे. चार वर्षं.

"मी अडकलेय! दार लागलंय! ओव्हन चालू आहे, धूर झालाय, मुलं आत आहेत!"

त्यांना सगळं कळलं की नाही कोण जाणे. "लेंकरूं" एवढं त्यांनी परत म्हटलेलं ऐकलं. मग म्हणाल्या, "भिऊं नक्को. येत्यें."

पुढचा वेळ किती होता ते मला ठाऊक नाही. मग आमची बेल वाजली. वाजली, वाजली, पण दार उघडल्याचा आवाज काही येईना. मी जीव खाऊन ओरडले, "ताई! दार उघड!"

स्वयंपाकघराचं दार किलकिलं झालं. मुलगी डोकावली. धुरानं डोळे चोळत होती. "आई, बाहेर कुणीतरी आजी आहे."

"अगं, उघड मग!"

"तू सांगितलंयस, कुणालाही उघडायचं नाही. आईनं पाठवलंय असं म्हणाले तरी नाही."

मी सांगितलं होतं. बसवून, पाठ करून घेतलं होतं. "आता मी स्वतः सांगतेय ना, राणी. ही मीच आहे. उघड."

तिनं माझ्याकडे नीट बघून घेतलं, जणू खात्री करत होती. मग गेली. खुर्ची ओढल्याचा आवाज, लॅच फिरल्याचा आवाज, आणि पाठोपाठ चपला न काढताच आत आलेल्या त्या आजी. त्यांनी पदर नाकाला लावला, हात लांब करून भिंतीवरचा स्विच बंद केला, खिडकी पूर्ण सरकवली, आणि मग गुडघे दुखणाऱ्या माणसासारख्या आधी एक हात ओट्यावर, मग एक हात जमिनीवर टेकत दाराजवळ खाली बसल्या. "तूं तिकडून ओढ," म्हणाल्या. मी ओढलं. त्यांनी कडी उचलली.

मुलं माझ्यावर येऊन आदळली. मी दोघांना धरून तिथंच ओल्या कपड्यांत बसले. आजींनी जळलेला ट्रे फडक्यानं धरून सिंकच्या नळाखाली नेला. चर्र झालं. धाकट्यानं डोकं वर काढून विचारलं, "बदक मेलं?"

"ह्म्म," आजी म्हणाल्या. "मेलें."

संध्याकाळ होईपर्यंत त्या गेल्या नाहीत. मी कॉफी ठेवायला लागले तर म्हणाल्या, "साखर नक्को." मग आम्ही बोललो. म्हणजे अर्धं बोलणं, अर्धं एकमेकींचे शब्द ओळखणं. त्यांचं माहेर तंजावरकडचं. पिढ्यान्‌पिढ्या तिकडंच, महाराष्ट्र त्यांनी एकदाच पाहिला होता, तोही कुणाच्या तरी लग्नापुरता. घरी मराठी, बाहेर तमिळ. नातवंडांना आता इंग्रजीच जवळची. "मजसंगें असें बोलायला कोणी नाहीं आतां," म्हणाल्या. मी आजी म्हटलं तर हसल्या. "अक्का म्हण. सगळे तेंच म्हणतात."

कपडे वाळत घालता घालता मी त्यांना सांगून टाकलं. बादलीवर बसल्याचं. मुलीच्या दोन हाकांना ओ न दिल्याचं. का सांगितलं कोण जाणे. कदाचित त्यांच्याशी मराठीत बोललेलं माझ्या माणसांपर्यंत पोचणार नव्हतं, म्हणून. मी म्हटलं, "मला बरं वाटत होतं हो, अक्का. तिकडे ओव्हन जळत होता आणि मला बरं वाटत होतं."

त्यांनी कपाला फुंकर घातली. मग जे सांगितलं ते मी माझ्या मराठीत लिहिते. लग्नानंतर त्यांचं घर एग्मोरला, रेल्वे स्टेशनापासून चालत जाण्याएवढं. सासू-सासरे, दोन दीर, एक विधवा नणंद, आणि यांची चार मुलं. त्या रोज दुपारी देवळात जाते म्हणून निघायच्या आणि फलाटाचं तिकीट काढून बाकावर बसायच्या. एक तास. गाड्या सुटताना बघायच्या आणि परत यायच्या. घरच्यांना वाटायचं, किती भाविक सून.

"कधी बसलात का गाडीत?" मी विचारलं.

"एकदां. तांबरमपर्यंत. धाकटा तापानें फणफणत होता त्या दिवशीं." त्यांनी कप खाली ठेवला. "तिथें उतरून दुसऱ्या गाडीनें परत आल्यें. त्यानें मला विचारलेंही नाहीं, कुठें होतीस. ती गोष्ट अजून मज खाते."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करायचें? रांधलें. वाढलें." मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "मीं कोणाला सांगितलें नाहीं, तें चुकलें. तूं नवऱ्याला सांग. दाराचें नव्हे. बादलीचें."

नवरा आला तेव्हा घरात अजून जळकट वास होता. त्यानं आधी ओव्हन पाहिला, मग मुलांचे हातपाय तपासले, मग माझ्यावर चिडला. सतत चालूवर का ठेवलास, फोन जवळ का नव्हता, कडी कधीच काढून टाकायला हवी होती. सगळं बरोबर होतं. मी ऐकून घेतलं. मुलं झोपायच्या आधीच, ती पलंगावर उड्या मारत असतानाच, मी त्याला बादलीचं सांगितलं. मला वाटलं होतं तो हसेल किंवा आणखी चिडेल. तो म्हणाला, "म्हणजे तुला मुलं नकोशी झालीत का?"

"नाही," मी म्हटलं. "मला मुलं हवीत. मला इथून बाहेर पडायचंय."

"मग पड ना. मी कधी नको म्हटलं?"

हे तर खरंच होतं, आणि त्याचाच मला सगळ्यांत जास्त राग आला. त्यानं कधी नको म्हटलं नव्हतं. त्यानं कधी मुलंही धरली नव्हती, की मी दार उघडून निघू शकेन. त्या रात्री मी तेही बोलले. आम्ही दोन दिवस एकमेकांशी धड बोललो नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं स्क्रूड्रायव्हर घेऊन खालची कडी काढली आणि दाराकडे तोंड करूनच म्हणाला, "शनिवारी सकाळी मी असतो. दहा ते एक. तू जा."

पहिल्या शनिवारी मला कुठं जावं तेच कळेना. रस्त्याच्या कडेनं चालत गेले, एका दुकानात कंगवा घेतला आणि पाऊण तासात घरी आले. नवऱ्यानं घड्याळाकडे पाहिलं. मला स्वतःची लाज वाटली. इतकी वर्षं ज्यासाठी घुसमटत होते ते हातात आल्यावर मी कंगवा आणला होता. दुसऱ्या शनिवारी अक्कांकडे बसले. त्यांनी माझं कौतुक केलं नाही. "इथें कशाला आलीस? मीं काय स्टेशन आहे?" म्हणाल्या.

त्यांच्याच थोरल्या जावयाच्या ओळखीचं गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत एक छोटं वर्कशॉप होतं, पंपांचे भाग करणारं. तिथं तपासणीला माणूस हवा होता. तिथं विचारायचा धीर करायला मला तीन आठवडे लागले. अर्ज लिहिताना शेवटच्या नोकरीची तारीख लिहिली आणि पेन खाली ठेवलं. अक्का म्हणाल्या धाकट्याला बालवाडीत घाल, ती सुटल्यावर त्या सांभाळतील, सासूबाई फोनवर म्हणाल्या परक्यांच्या घरी कशाला पोर ठेवायचं, नवरा म्हणाला बघ बाई तुझं तू. मधल्या काळात पुन्हा दोन सुट्ट्या आल्या, मुलांनी पुन्हा बिस्किटं मागितली आणि मी पुन्हा केली. पीठ पुन्हा चिकटलं. एका दुपारी धाकट्यानं निळं आयसिंग सोफ्याला फासलं तेव्हा मी त्याला एक चापटी मारली आणि नंतर किती तरी वेळ मोरीत नळ सोडून उभी राहिले. म्हणजे असं नाही की त्या दिवसानंतर सगळं सुटलं.

जानेवारीत मी गिंडीला गेले. पत्र्याचं छप्पर, तेलाचा वास, सहा यंत्रं. मालक साठीचे, तमिळ मिसळलेलं इंग्रजी बोलणारे. त्यांनी विचारलं, मधली वर्षं काय करत होतात? मी म्हटलं, घरी होते. त्यांनी पुढं काही विचारलं नाही. समोर दहा गोल भाग ठेवले आणि मायक्रोमीटर दिला.

मला भीती होती की हात विसरले असतील. पहिला भाग दोनदा मोजला. दुसऱ्याला एकदाच. सातव्याशी थांबले, पुन्हा पुसून मोजला आणि बाजूला काढला. ते म्हणाले, तो ठीक आहे, तो आमच्या सगळ्यांत जुन्या माणसानं केलाय. मी म्हटलं, ठीक नाही. त्यांनी स्वतः मोजला. मग त्या माणसाला हाक मारली आणि दोघं तमिळमध्ये बराच वेळ काहीतरी बोलत राहिले. मला त्यातलं फारसं कळलं नाही. मी हात पुढ्यात घेऊन बसून राहिले.

शेवटी ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, सोमवारपासून या.

मी म्हटलं, मंगळवारपासून येते. सोमवारी धाकट्याचा बालवाडीचा पहिला दिवस आहे.